डस्ट बोल नुसत्या दुष्काळाने घडला नाही

डस्ट बोल म्हणजे अमेरिकेच्या मधल्या मैदानी पट्ट्यात शेतांची माती उडवणाऱ्या धुळीच्या वादळांचा काळ. त्याबद्दल शेतीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "1930 च्या दशकात अमेरिकेत डस्ट बोल झाला तो निव्वळ दुष्काळामुळे. पाऊस थांबला, वारा सुटला, माती उडाली. पुन्हा पाऊस आला, प्रश्न मिटला. वाऱ्याची धूप हा वाळवंटाचा प्रश्न, आपल्याकडे पाऊस बरा असतो."

वाळवंटाचं आधी. डस्ट बोलच्या पट्ट्यातल्या कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा सरासरी पाऊस साधारण 500 मिमी, म्हणजे आपल्या अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्याच्या आसपास. वर्षाच्या आकड्याने वाऱ्याला फरक पडत नाही; त्याला वरची काही मिलिमीटर माती कोरडी मिळाली की पुरे.

"वारा सुटला" म्हणजे काय? त्या मैदानात वारा बारमाही आहे. पण माती वाहून नेण्याची ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते: वेग दुप्पट, ताकद आठपट. त्यामुळे सरासरी वेग फसवा, नुकसान करतात ते मोजके तास. 14 एप्रिल 1935, रविवार. डॉज सिटीत दुपारपर्यंत लख्ख ऊन होतं. मग उत्तरेकडून थंड हवा घुसली, पारा झपाट्याने उतरला आणि धुळीच्या भिंतीने भरदुपारी काळोख केला.

पाऊस आला की प्रश्न मिटतो, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. सरींच्या माराने ढेकळं विरघळतात, रान सपाट होतं, पातळ खपली धरते आणि तिच्यावर वाळूचे सुटे कण राहतात. हलक्या जमिनीत वरचा थर काही तासांत सुकतो. मग 0.1 ते 0.5 मिमीचे कण उड्या मारत निघतात. प्रत्येक कण आदळताना खपली फोडतो आणि बारीक फफुटा हवेत सोडतो. तिथला हिवाळाही निर्धोक नाही. ओली ढेकळं गोठून-वितळून भुगा होतात, आणि लगेच वसंतातला जोराचा वारा येतो.

उरला दुष्काळ. तो 1890 च्या दशकातही पडला होता, पण तेव्हा कुरण बरंच शाबूत होतं. पुढे पहिल्या महायुद्धातल्या गव्हाच्या भावाने आणि ट्रॅक्टरने लाखो एकर गवत उलथलं. 1931 नंतर पीक करपलं तेव्हा माती धरून ठेवायला मुळंच नव्हती. अमेरिकेचे मृदतज्ज्ञ ह्यू बेनेट हेच सांगत होते, आणि 27 एप्रिल 1935 ला मृदसंधारणाचा कायदा झाला.

आपल्याकडे मे-जूनच्या वाऱ्याआधी रोटाव्हेटरने पीठ केलेलं रान बघा, आणि शेजारचं नांगरून ढेकळं, धसकटं राखलेलं. हवामान दोघांना एकच असतं.