टेलच्या गावाला उपग्रहाचे नेट
अंबाजोगाईच्या मोंढ्याजवळ आमचा कट्टा भरतो. गेल्या गुरुवारी तिथे चहा येण्याआधीच वाद पेटला, आणि निमित्त झाले रफिकच्या ऑनलाइन केंद्राचे बंद पडलेले नेट. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती, त्यामुळे दोन दिवस पीकविम्याचे अर्ज अडले होते आणि लोक सातबारा घेऊन आल्या पावली परत जात होते. दत्ताचे म्हणणे असे, की वायरीचा नाद सोडून छपरावर डिश बसवावी. इस्रोचा 4,700 किलोचा जीसॅट-एन२ हा इंटरनेटसाठीचा उपग्रह नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतून फाल्कन-9 रॉकेटने वर गेला, त्याची क्षमता 48 जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला 48 गिगाबिट आहे. एवढे नेट संपणार कोणाला?

पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर भागाकार मांडला. 48 जीबीपीएस म्हणजे 48,000 एमबीपीएस. प्रत्येकाला सलग 10 एमबीपीएस द्यायचे ठरवले तर एका वेळी 4,800 माणसे. "अख्ख्या देशात मिळून, दत्ता."

सगळे एकाच वेळी थोडेच वापरतात, हा दत्ताचा मुद्दा सरांनी मान्य केला, परंतु कालव्याच्या पाळीचेही गणित कागदावर असेच जमते आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय ही क्षमता एका हौदात साठवलेली नाही. उपग्रहातून जमिनीवर पडणारे लहरींचे 32 झोत आहेत, त्यांपैकी 8 अरुंद झोत ईशान्य भारतावर आणि 24 रुंद झोत उर्वरित देशावर पडतात. एकमेकांपासून दूर असलेल्या झोतांत तीच वारंवारिता पुन्हा वापरता येते, म्हणून तर एवढी क्षमता निघते. पण आपल्या झोतात गर्दी झाली तर शेजारच्या झोतातले उसने मागता येईलच असे नाही.

रफिकला मात्र वेगापेक्षा थांबण्याची धास्ती होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर असतो, कारण त्याच उंचीवर त्याची फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकी, म्हणजे 23 तास 56 मिनिटांची होते आणि तो आकाशात एका जागी उभा दिसतो. डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही, ते त्यामुळेच. आणि उत्तरेकडे तोंड केलेली टीव्हीची डिश आपल्याकडे सापडत नाही, ते विषुववृत्त आपल्या दक्षिणेला असल्यामुळे. या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते. विचारणा वर जाते, खाली भूकेंद्रात येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येते. चारही फेऱ्या प्रकाशाच्या वेगाने झाल्या तरी जवळजवळ अर्धा सेकंद जातो. चालू झालेल्या व्हिडिओला त्याने फरक पडत नाही, परंतु विम्याच्या अर्जाचे एक पान उघडताना अशी देवाणघेवाण अनेकदा होते आणि प्रत्येक वेळी तो अर्धा सेकंद द्यावा लागतो. जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन तो कमी होत नाही.

त्यात सर म्हणाले, हा उपग्रह 'का-बँड' नावाच्या उच्च वारंवारितेच्या लहरींवर चालतो आणि त्या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात. खरिपाच्या विम्याची धावपळ जुलैत असते, हे त्यांनी मुद्दाम बोलून दाखवले नाही.

दत्ता चिडला. मग एवढा खटाटोप शोभेसाठी केला का, असे त्याने विचारले, आणि माझ्या मते वादातला खरा प्रश्न हाच होता. माझे उत्तर असे, की अशा उपग्रहाचा खरा उपयोग घराघराच्या छपरापेक्षा मोबाइल टॉवरच्या पाठीशी उभे राहण्यात आहे. बालाघाटच्या डोंगरातल्या एखाद्या तांड्यापर्यंत केबल नेणे परवडत नसेल, तर तिथल्या टॉवरला डिश जोडावी; लोकांचे साधे मोबाइल टॉवरशी बोलतील आणि टॉवर उपग्रहाशी. मोबाइलने थेट बोलायचे तर त्याचा क्षीण संकेत पकडायला वरचा अँटेना फार मोठा लागतो. 2015 मध्ये सोडलेल्या जीसॅट-6 मध्ये इस्रोने त्यासाठी छत्रीसारखा उलगडणारा 6 मीटर व्यासाचा अँटेना बसवला होता.

रफिकच्या केंद्रालाही दुसरी वाट म्हणून डिश असावी, असे मी सुचवले. केबल तुटली तर अर्ज रेंगाळत का होईना, जातील.

रफिकने कप खाली ठेवला. "केबलचे बिल मी नेट बंद असतानाही भरतो, भाऊ. हे दुसरे बिल पाऊस चालू असतानाही भरायचे का?"