जुनी हार्डडिस्क थेट व्हर्च्युअल मशीनला लावू नका

“जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढा, नव्याला जोडा आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू करा. सगळं जसंच्या तसं चालतं. बॅकअप नको, लायसन्स तेच राहतं, व्हायरसची भीती नाही.” हा मेसेज सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी ज्या टॉवेल कारखान्यांचे कॉम्प्युटर बघतो, तिथल्या काहींचं जकार्ड डिझाइन (मागावर विणायची नक्षी) अजून विंडोज एक्सपीवर आहे, म्हणून हे लिहितोय.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा कॉम्प्युटर. यातलं एवढं खरं, की ते चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमला खरी डिस्क थेट देता येते. पण मग व्हर्च्युअल मशीन जे लिहितं ते त्याच डिस्कवर लिहिलं जातं.

म्हणूनच “बॅकअप नको” हे सगळ्यात घातक वाक्य आहे. एका कारखान्यात डिस्क उबुंटू लिनक्सच्या मशीनला जोडली होती. एकीकडे फाइल मॅनेजरमधून फाइली हलवणं सुरू, दुसरीकडे तीच डिस्क व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू. एकाच एनटीएफएसवर (विंडोजची डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) दोन सिस्टिम लिहीत होत्या, आणि एकीनं काय बदललं ते दुसरीला कळत नव्हतं. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवल्यावर कित्येक डिझाइनं नाव हरवून ‘फाउंड’ फोल्डरमध्ये सीएचके फाइली होऊन पडली. वर्षानुवर्षांचं काम होतं ते. मालकांचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यामुळे आधी प्रत काढा. विंडोज १० असेल तर डिस्क-टू-व्हीएचडी हा प्रोग्रॅम चालत्या मशीनवरूनच प्रत काढतं. एक्सपी असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डीडी या कमांडनं अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या, मग ती व्हीडीआयमध्ये (व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्क-फाइलीत) बदला. मूळ डिस्क कपाटात ठेवा.

“जसंच्या तसं”ही नाही. विंडोजला आतून मदरबोर्ड आणि डिस्क कंट्रोलर बदललेले दिसतात. योग्य ड्रायव्हर नसला तर निळा पडदा येतो, एरर कोडच्या शेवटी ७बी असलेला. एक्सपीसाठी व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क कंट्रोलर साटाऐवजी जुन्या आयडीई प्रकारचा करून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. डिझाइन सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची किल्ली) यूएसबीचं असेल तर ते व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येतं. जुनं पॅरलल पोर्टचं असेल तर बहुधा तिथेच गाडी अडते, आणि हे मेसेज पाठवणारा कोणी सांगत नाही.

लायसन्सचं थोडक्यात: कॉम्प्युटरसोबत आलेलं ओईएम विंडोज त्याच मशीनपुरतं असतं. हार्डवेअर बदललेलं दिसलं की ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतं.

व्हायरस असेल तर तो प्रतीतही येतो. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. अशा मशीनचं नेटवर्क कार्ड बंद ठेवा. शेअर्ड फोल्डर लिहिण्यासाठी उघडा ठेवलात तर आतला रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिथूनच नव्या कॉम्प्युटरच्या फाइलींना हात घालतो.

हे सगळं जमल्यावरही जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात घालू नका. आधी एक डिझाइन व्हर्च्युअल मशीनमधून काढून मागावर चढवा, टॉवेल विणून पाहा.