होऊ घातलेल्या गोमंतकीय आमदारास

आमदार व्हायचे ठरवलेत, उत्तम केलेत. या धंद्याला गोव्यासारखे राज्य नाही. चाळीस मतदारसंघ, एकेकात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार. लग्न, बारावा, फेस्त (चर्चचा सण) आणि जत्रा नीट सांभाळल्या, की पाच वर्षांत बहुतेक घरांच्या पडवीत बसून होते. पक्षाचा विचार इतक्यात करू नका. तिकीट जिथे मिळेल तिथून घ्या. पक्षाचे नंतर बघता येते.

कुणी म्हातारा सांगेल, हे सगळे हल्लीचे हो, पूर्वी असे नव्हते. मान डोलवा आणि विसरा. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि १९७९ मध्ये ताईंचे मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) सरकार कोसळले ते स्वतःचेच आमदार उलटल्यामुळे. १९८० मध्ये लोकांनी इंदिरा गांधींपासून फुटलेल्या अर्स काँग्रेसला निवडून दिले. निवडून आलेली मंडळी लगोलग इंदिरा काँग्रेसमध्ये. १९९० ची गोष्ट तर पाठ करून ठेवा. पक्षांतराचा निवाडा ज्यांनी करायचा, ते सभापती लुईस प्रोत बार्बोझा स्वतःच काँग्रेसमधून बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले. त्यांच्याआधी चर्चिल आलेमाव यांनी १८ दिवस ती खुर्ची ऊबदार ठेवली होती. तेव्हा परंपरेचा अभिमान बाळगा.

आता गणित. हे मात्र कच्चे ठेवू नका.

पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी पक्षांतरबंदी कायद्यातून सुटका व्हायची. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती सोय गेली. आता दोन तृतीयांश आमदार घेऊन 'विलीनीकरण' करावे लागते. मोठ्या राज्यांत यासाठी विमाने, हॉटेले, डोंगरझाडी असा व्याप करावा लागतो. आपल्याकडे पक्षच एवढेसे, की काम एका सोफ्यावर आटोपते. मगोचे आमदार तीन, त्यांचे दोन तृतीयांश दोन. मार्च २०१९ मध्ये मध्यरात्र उलटल्यावर भाजपमध्ये विलीनीकरण, सकाळी पोदेर पाव घेऊन येईपर्यंत सगळे कायदेशीर. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा भाजपमध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा काँग्रेसच्याच अकरांपैकी आठ. अकराचे दोन तृतीयांश खरे तर सात पूर्णांक एक तृतीयांश होतात, पण एक तृतीयांश आमदार सभागृहात बसवता येत नाही, म्हणून आठ. तुम्ही आठवे व्हायचे. पहिले सात नुसते फोन करत असतात. आठव्याला घरी न्यायला येतात.

निवडणुकीत सर्वांत जास्त जागा मिळवण्याच्या भानगडीत पडू नका, ते लाभत नाही. २०१७ मध्ये काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या. भाजपचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः पडले. काँग्रेसवाले नेता कोण यावर खल करत बसले आणि मनोहर पर्रीकर दिल्लीचे संरक्षणमंत्रिपद सोडून येऊन शपथ घेऊनही मोकळे झाले.

तुम्हालाही शपथ घ्यावी लागेल. घाबरायचे नाही. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा असे फिरवले आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ तिन्ही ठिकाणी घ्यायला लावली. त्यांतले अकरा निवडून आले, पैकी आठ सप्टेंबरमध्ये गेले. मग शपथेचे काय? त्या आठांतल्या दिगंबर कामतांनी ते फार सुरेख सोडवले: आपण देवळात जाऊन देवालाच विचारले आणि देव म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. आपल्या भागात घर बांधायचे, मुलगी द्यायची तरी प्रसाद लावतात, म्हणजे देवाचा कौल घेतात. इथे तर सरकारचा प्रश्न होता. मतदारांचा कौल पाच वर्षांतून एकदा, देवाचा कधीही घेता येतो. शपथ तीन ठिकाणची असली तरी विचारायला एकाच ठिकाणी जायचे, एवढे पथ्य पाळा.

मडगावला एकदा जाऊन या, शिकण्यासारखे आहे. कामत तिथून १९९४ मध्ये भाजपतर्फे निवडून आले. २००५ मध्ये पर्रीकरांचे सरकार सोडून काँग्रेसमध्ये गेले, २००७ मध्ये मुख्यमंत्री झाले. २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध भाजपने उपमुख्यमंत्री बाबू आजगावकरांना उभे केले, म्हणजे मगोमधून मध्यरात्री आलेल्या दोघांतले एक. मडगावकरांनी भाजपला पाडून कामतांना निवडले आणि सहा महिन्यांत त्यांना भाजपचा आमदार मिळाला. आजगावकरांना मत देणाऱ्यांनाही तोच मिळाला. एवढी सर्वसमावेशक निवडणूक दुसरीकडे दाखवा! २०२५ मध्ये कामत मंत्रीही झाले.

मंत्रिपदे बाराच असतात, हे आधी सांगून ठेवतो. उरलेल्यांसाठी महामंडळे आहेत. कदंब या सरकारी बस महामंडळाचे अध्यक्षपद मिळाले तर नाक मुरडू नका, बस वेळेवर सुटते की नाही हे अध्यक्षाला कुणी विचारत नाही.

लोक रागावतील का? रागावतात. २०१९ च्या दहांपैकी बहुतेक जण २०२२ मध्ये विधानसभेत परतले नाहीत. पण मधली अडीच वर्षे कुणी परत मागत नाही, आणि कोर्टाचा निकाल येईपर्यंत विधानसभेची मुदत संपत आलेली असते.

आता समजा, गणितात तुम्ही बसलातच नाही. आठ गेले, तीन राहिले आणि त्या तिघांत तुम्ही. खचू नका. विरोधी पक्षनेतेपद रिकामे झालेले असेल, ते मागून घ्या. दिसायला कोरडे पद आहे, पण जिना चांगला आहे. २०१९ च्या जुलैत ते पद बाबू कवळेकरांकडे होते. स्वतः धरून दहा जणांना घेऊन ते पलीकडे गेले, त्याच आठवड्यात त्याच सरकारचे उपमुख्यमंत्री झाले.