कुणापैकी किती? स्टॅट्सवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

मामेबहिणीच्या मुलीने इथेच नाशिकला एफवायबीएस्सीला स्टॅटिस्टिक्स, म्हणजे संख्याशास्त्र, घेतलं आणि चार दिवसांत मामांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. सोसायटीच्या ग्रुपवरही तो येऊन गेला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्टॅट्स म्हणजे सूत्रांची घोकंपट्टी. संभाव्यता म्हणजे साधा कॉमन सेन्स. उरलेलं कॉम्प्युटर करतो. आकड्यांनी काहीही सिद्ध करता येतं. आणि ज्याचं गणित कच्चं, त्याने या वाटेला जाऊच नये. (कॉमन सेन्सच असेल तर गणित कच्चं असून काय बिघडलं, हे लिहिणाऱ्याला सुचलं नसावं.) हाच विषय मी पहिल्या वर्षाला शिकवते, त्यामुळे मामांच्या फॉरवर्डला नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसवेना.

घोकंपट्टीचा आरोप निम्मा मान्य. पेपरात त्याच साच्यातली गणितं येतात आणि घोकून पास होणारी मुलं दरवर्षी असतात. पण प्रश्नाचे शब्द जरा हलवले की गाडी अडते. दहा जणांतून तिघांची समिती निवडायची, तर १२० प्रकार. त्याच दहांतून अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडायचे, तर ७२०, कारण आता कोण कुठल्या पदावर हेही मोजायचं. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनची दोन्ही सूत्रं पोरांना तोंडपाठ असतात. इथे कुठलं लावायचं, हे सूत्र सांगत नाही. मी फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर एकच प्रश्न लिहून ठेवते: ‘कुणापैकी किती?’ काय मोजतोय आणि कशातून मोजतोय, हे ठरलं की सूत्र शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत.

आता कॉमन सेन्स. पहिल्याच आठवड्यात मी साठ जणांच्या वर्गाला विचारते, इथे दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असेल का? बहुतेक जण म्हणतात, अवघड आहे, दिवस ३६५ आणि आपण साठ. मग हजेरीच्या क्रमाने तारखा सांगायला लावते. गेल्या वर्षी एकोणिसाव्या नंबरलाच जोडी जुळली. खरं तर २३ जण असले तरी शक्यता निम्म्याच्या थोडी वर जाते, साठांत ९९ टक्क्यांच्याही पुढे. कारण प्रत्येक जण ‘माझ्याशी कोण जुळेल’ एवढंच मनात धरतो, आणि मोजायच्या असतात जोड्या. २३ जणांच्या जोड्या होतात २५३.

त्या दिवशी मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “मॅडम, आमच्या आजोबांचा, चुलत आजोबांचा आणि शेजारच्या काकांचा, तिघांचाही १ जून!” वर्ग हसला. पण मुद्दा पक्का होता. त्या पिढीत जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमचं गणित ‘सगळे दिवस सारखेच’ असं धरून चालतं, आणि आजोबांच्या पिढीत ते गृहीतकच कोसळतं. एवढं त्या पोराला दिसलं, म्हणजे तो तास सार्थकी लागला.

कॉमन सेन्स आणखी एका ठिकाणी हमखास घसरतो. सातपूरच्या एखाद्या कारखान्यात १००० पार्ट तयार झाले, त्यांतले २० खराब, असं धरा. तपासणी ९५ टक्के अचूक: खराबांपैकी ९५ टक्के पकडते आणि चांगल्यांपैकी ५ टक्के चुकून बाद करते. बाद झालेला पार्ट खरोखर खराब असण्याची शक्यता किती? वर्ग एका सुरात सांगतो, ९५ टक्के. मोजा. २० खराबांतले १९ पकडले गेले. ९८० चांगल्यांतले ४९ उगाच बाद झाले. एकूण बाद ६८, त्यांत खराब १९, म्हणजे २८ टक्के. ‘खराबांपैकी किती बाद’ आणि ‘बाद झालेल्यांपैकी किती खराब’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पार्टच्या जागी रक्ततपासणीचा रिपोर्ट ठेवला की झोप उडते.

कॉम्प्युटर करतो? करतो ना. मोबाइल नंबरांची किंवा ४२२ ने सुरू होणाऱ्या पिनकोडांचीही सरासरी तो बिनतक्रार काढून देईल, तिला काही अर्थ नसला तरी. पण कांद्याचंच बघू, आपल्या जिल्ह्यात त्याहून जवळचं काय! समजा, लिलावात पाच गाड्या लागल्या आणि भाव निघाले क्विंटलला ९००, ११००, १२००, १३०० आणि ३००० रुपये. सरासरी १५००. पाचांतल्या चौघांना त्याहून कमी मिळाले. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा भाव, १२००. आता त्या ३००० वाल्याच्या पिकअपमध्ये पाचच क्विंटल माल होता आणि बाकीच्या चार ट्रॉल्यांत वीस-वीस क्विंटल, तर मालाच्या वजनाने सरासरी येते १२३५. तिन्ही आकडे बरोबर, तिन्ही कॉम्प्युटरने काढलेले. गाड्यांची सरासरी हवी की क्विंटलची, हे मात्र तुम्हालाच ठरवायचंय. बाजार समितीच्या तक्त्यात किमान आणि कमालच्या शेजारी ‘सर्वसाधारण दर’ असा वेगळा रकाना असतो, तो उगाच नाही.

‘आकड्यांनी काहीही सिद्ध होतं’ याला फार वेळ देत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी ३५. उघड पक्षपात वाटतो. विभागवार पाहिलं तर तो बहुतांशी दिसेनासा झाला, कारण जिथे मुळात कमी जणांना प्रवेश मिळतो अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. आकड्यांनी केलेली दिशाभूल पकडली तीही आकड्यांनीच.

राहिला कच्च्या गणिताचा मुद्दा. सुरुवातीला लागतात अपूर्णांक, टक्के, बेरजेचं सिग्मा चिन्ह आणि शब्द नीट वाचायची सवय. इंटिग्रेशन येतं ते सलग चलांपाशी (उंची-वजनासारख्या, मधली कुठलीही किंमत घेऊ शकणाऱ्या राशी), तोवर बराच रस्ता पायी कापून झालेला असतो. भाचीला मी सांगितलंय, पुस्तक उघडायच्या आधी घरी १०० वेळा नाणं उडव, छापा-काटा ओळीने लिही, आणि सलग किती छापे आले ते मोज. काल तिचा फोन आला, “मावशी, सलग सात आले, नाणं खोटं आहे का गं?” म्हटलं, अजून १०० वेळा उडव, मग बोलू.