सिराक्यूज, तुरिन आणि गुणांचे तक्ते

नमस्कार. इटलीतल्या सिराक्यूजच्या मोटारशर्यतीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाचे गुण नसलेल्या शर्यती म्हणजे नुसता सराव, चालक तिथे जीव तोडून गाडी हाकत नसत आणि इतिहासात त्यांना तळटीपेपुरतीच जागा आहे. मला हे अजिबात पटत नाही.

१९५० साली अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा त्यात सातच शर्यती होत्या. त्यातली एक इंडियानापोलिसची, तिकडे युरोपातले संघ फिरकलेही नाहीत. बाकीचा मोसम फ्रान्समधलं पो, इटलीतलं सान रेमो अशा गावांच्या बिनगुणांच्या शर्यतींनी भरलेला असे. आयोजक नुसतं उतरण्याचेही पैसे देत, त्यावर कितीतरी छोटे संघ जगत.

आता तुरिनचं पाहा. १९५१ संपताना इटलीच्या अल्फा रोमिओ संघाने माघार घेतली. फेरारीला टक्कर देईल अशी आशा एकाच गाडीकडून होती, ब्रिटनच्या सोळा सिलिंडरच्या बीआरएमकडून. एप्रिल १९५२ मध्ये इटलीतल्या तुरिनच्या व्हॅलेंतिनो बागेतल्या शर्यतीला ती आलीच नाही. एकट्या फेरारीची मिरवणूक पाहायला तिकीट कोण काढणार, या धास्तीने ठिकठिकाणच्या आयोजकांनी अजिंक्यपदाच्या शर्यती फॉर्म्युला टू या खालच्या वर्गाच्या, दोन लिटर इंजिनच्या गाड्यांवर नेल्या. फेरारीचा चालक आस्कारी याची १९५२ आणि १९५३ ची दोन्ही विजेतेपदं त्याच गाड्यांच्या काळातली. एका बिनगुणांच्या शर्यतीतल्या गैरहजेरीने अजिंक्यपदाचे नियम फिरवले, याला तळटीप कसं म्हणू?

आणि जीव तोडण्याबद्दल. ऑक्टोबर १९५५ मध्ये सिराक्यूजला ब्रिटनचा टोनी ब्रुक्स आला, तेव्हा तो दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. विमानात परीक्षेचा अभ्यास करत आलेला. फॉर्म्युला वनची गाडी त्याआधी त्याने चालवलीही नव्हती. समोर मासेराटी कंपनीचा स्वतःचा संघ. ब्रुक्सने कॉनॉट गाडीतून त्यांना हरवलं, सर्वात वेगवान फेरीही त्याचीच. ब्रिटिश चालकाने ब्रिटिश गाडीतून युरोपच्या मुख्य भूमीवर ग्रां प्री जिंकण्याची ही १९२४ नंतरची पहिलीच वेळ. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या एन्ट्री (Aintree) इथे स्टर्लिंग मॉस आणि याच ब्रुक्सने मिळून व्हॅनवॉल गाडी जिंकवली, तो ब्रिटिश गाडीचा अजिंक्यपदातला पहिला विजय. एन्ट्रीच्या विजयाचं कौतुक करताना सिराक्यूज वगळायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

सगळ्याच शर्यती तोलामोलाच्या नव्हत्या, हे खरं. १९६१ ची नेपल्सची शर्यत मोनॅकोच्याच दिवशी होती, त्यामुळे मोठी नावं मोनॅकोला गेली आणि फेरारी चालवणाऱ्या इटलीच्या नवख्या बाघेत्तीला फारसा विरोध झाला नाही. पण त्याआधी जेमतेम तीन आठवडे झालेल्या सिराक्यूजच्या शर्यतीला मॉस, ब्रॅबम, सर्टीस, गर्नी असे नावाजलेले चालक हजर होते, आणि तिथेही बाघेत्तीच जिंकला, फॉर्म्युला वनच्या पहिल्याच शर्यतीत. जुलैमध्ये फ्रान्समधल्या रँसला तो अजिंक्यपदाची पहिलीच शर्यत जिंकला, पोर्शेतल्या गर्नीला सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे टाकून. नुसते गुणांचे तक्ते वाचणाऱ्याला तो विजय आभाळातून पडल्यासारखा वाटतो. सिराक्यूजलाही पहिला बाघेत्ती आणि दुसरा गर्नीच होता.