लहरी आणि कार्पेट एरिया

पुनर्विकासातल्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि बायकोने फर्मान काढलं, घर आरोग्यदायी हवं. हवा-उजेड म्हणत असेल, असं मला वाटलं. पण त्यांचा निकाल बिल्डरने आधीच लावला होता. हिचा रोख वायफायवर होता.

शास्त्र सोपं आहे. राउटरपासून दुप्पट लांब गेलं की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. फक्त लांब जायचं. आता पार्ल्याच्या वन बीएचकेत लांब जायचं म्हणजे कुठे? पलंगापासून दूर सरकावं तर ओटा लागतो, ओट्यापासून सरकावं तर देवघर. आणखी लांब हवं असेल तर चौरस फुटाचा भाव विचारावा लागतो.

आईला समजावताना हिने सांगितलं की, 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलंय. मी (उगाचच) भर घातली की त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. आईने बरणीचा दादरा घट्ट बांधला आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मग भिंतींना लहरी अडवणारा रंग काढायचं ठरत होतं. इथे मात्र मी अडलो. टॉवर बाहेर, मोबाइल आत. सिग्नल अडला की मोबाइल टॉवर गाठायला उलट जोर वाढवतो, आणि तो जोर थेट आपल्या कानाशी. समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर आहेच. अँटेनाचा झोत आडवा जातो, त्यामुळे बरोबर खालच्या घरांना त्याचा त्रास कमी. भाडं त्यांना, झोत आम्हांला. या टॉवरांची मर्यादा 2012 साली आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती, हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे मर्यादा कोण पाळतं?"

शेवटी तह झाला तो वायरींवर. इलेक्ट्रिशियनने पीओपी व्हायच्या आत भिंतीत पाइप टाकून प्रत्येक खोलीत लॅनचा, म्हणजे वायरने इंटरनेट घ्यायचा, पॉइंट काढला. हॉलमधल्या पॉइंटपुढे सुताराने शोकेस उभं केलं. माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही, हे वायर ओढून झाल्यावर कळलं. राउटर दाराशी, चपलांच्या रॅकवर गेला. रात्री तो बंद करायचा, असाही नियम झाला.

पहिल्या रात्री बंद केला. तरी मोबाइलवर शेजाऱ्यांच्या वायफायची भलीमोठी यादी, आणि त्यात सगळ्यात जोरदार बाजूच्या काकूंचं. सकाळी चौकशी केली. त्यांच्या मुलानेही हेच शास्त्र वाचलं होतं. स्वतःच्या पलंगापासून शक्य तितका लांब म्हणून त्याने राउटर ज्या भिंतीवर ठोकला, तिच्या अलीकडे आमच्या उशा.

"मग उशा पायथ्याला घ्या की," काकू म्हणाल्या. मग दाराच्या कडीवर हात ठेवून त्यांनी हिशेब केला. "पण मग पाय दक्षिणेला होतील हो."