खटला चालवायचा कोणी?

कायदा चांगला की वाईट, हे नुसती कलमं वाचून कळत नाही असं माझं ठाम मत आहे. तो राबवायचा खर्च कोणाच्या माथी पडतो, ते आधी बघावं.

अठराव्या शतकातलं इंग्लंड घ्या. घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तर फाशी! पण चोराला हुडकून खटला भरायचा तो बहुधा फिर्यादीनंच, पदरमोड करून. वर ज्यूरीला दया आली की माल मुद्दाम ३९ शिलिंगांचा ठरवायचे. कलम एवढं कडक, आणि व्यवहारात ही गत.

मध्ययुगीन आइसलंड त्याहून अचाट. ९३० च्या सुमारास आल्थिंग ही सभा सुरू झाली. न्यायालयं होती, राजा नव्हता, पोलीस नव्हते. कायदा सांगणारा अधिकारी दरवर्षी एक तृतीयांश कायदा सभेत म्हणून दाखवायचा. खून झाला तर दावा मयताच्या नातलगांनी लावायचा, निकालाची अंमलबजावणीही त्यांनीच करायची. मग दुबळ्यानं काय करायचं? तर त्याला आपला दावा एखाद्या वजनदार माणसाच्या नावे करून देता यायचा. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यावर झालेल्या अन्यायालाही तिथं किंमत होती.

आता असंच एक जग कल्पनेत उभं करा आणि त्यात एक धूर्त माणूस सोडा. तो दावे घेणाऱ्यांनाच गाठेल, नाहीतर स्वतःच त्यांच्यातला सगळ्यात मोठा होईल. आइसलंडमध्ये सरदारकी विकत घेता यायची. तेराव्या शतकात सत्ता मोजक्या घराण्यांकडे एकवटली, यादवी पेटली आणि १२६२ पासून नॉर्वेच्या राजाचा अंमल आला.

माझा सगळ्यात आवडता नियम मात्र प्राचीन अथेन्सचा. युद्धनौकेचा वर्षाचा खर्च तिथं एखाद्या धनिकावर टाकत. तो म्हणाला, ‘अमका माझ्याहून श्रीमंत आहे,’ तर त्या अमक्यापुढे दोन वाटा: खर्च उचल, नाहीतर आपली सगळी मालमत्ता माझ्या मालमत्तेशी बदलून घे. दोन्ही नाकारलं तर प्रकरण न्यायालयात. आपण गरीब असल्याचं सोंग आणणाऱ्याला ही अदलाबदल परवडणारच नाही! धूर्त माणसाला इथंही फट सापडते, कारण जमीन दिसते, रोकड लपवता येते, आणि अथेन्सचे धनिक ती लपवतही असत. तरीसुद्धा संपत्ती मोजायला सरकारी माणूस न पाठवता, ती ज्याला ठाऊक असण्याची शक्यता सर्वाधिक, त्या दुसऱ्या धनिकालाच बोलतं करणारी ही युक्ती मला या सगळ्यांत उजवी वाटते.